नेवाळीची धावपट्टी: विमानं किती आणि जमीन कोणाची

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला आणि आपल्याकडच्या ग्रुपवर जुनाच प्रश्न नव्याने फिरायला लागला. "मग आता नेवाळी कधी?" कोणी पंधरा वर्षांपूर्वीचं कात्रण टाकतं, कोणी गुगलच्या नकाशावर लाल गोल काढून पाठवतं. परवा तर एका बिल्डरचं माहितीपत्रक आलं. स्टेशन अमुक मिनिटांवर, शाळा तमुक मिनिटांवर, आणि शेवटी "प्रस्तावित कल्याण विमानतळ १५ मिनिटांवर". प्रस्ताव कोणाचा, कोणत्या तारखेचा, याचा मात्र कुठे पत्ता नाही.

मी शहाडचा. नेवाळी माझ्या घरापासून फार लांब नाही, मलंगरोडला जाणं-येणं असतं. या विषयावर जे वाचलं, जे समजून घेतलं ते एकदा सलग लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

सुरुवात १९४२ पासून करायला हवी. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून पडलं, आणि ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब टाकले. युद्ध हिंदुस्थानच्या दाराशी आलं होतं आणि इंग्रजांकडे विमानं उतरवायला पुरेशा पट्ट्याच नव्हत्या. मग देशभर दोनशेच्या वर विमानतळ उभारायचा धडाका सुरू झाला. मुंबईच्या आसपास जे झालं त्यात सांताक्रूझ आहे आणि आपली नेवाळीही आहे. कल्याण का, याचं उत्तर सोपं आहे. कल्याण म्हणजे जंक्शन. पुण्याची लाईन इथून, नाशिकची लाईन इथून, मुंबई बंदर दोन तासांवर. सैन्य उतरवा, इथे ठेवा, इथून पुढे पाठवा.

त्याच युद्धासाठी आपल्या भागात दोन मोठ्या जागा घेतल्या गेल्या. एक इकडे, शहाड आणि विठ्ठलवाडीच्या मधल्या माळावर: कल्याण कॅम्प. दोन हजारांवर बराकी असलेली लष्करी छावणी. दुसरी तिकडे मलंगगडाच्या पायथ्याकडे, नेवाळीचा विमानतळ. युद्ध संपलं. छावणी रिकामी झाली, फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही लोक पत्ता सांगताना "कॅम्प एक", "कॅम्प चार" असंच सांगतात. म्हणजे युद्धासाठी घेतलेल्या दोन जागांपैकी एकीचं काय करायचं ते चार वर्षांत ठरलं. दुसरीचं ऐंशी वर्षांत ठरलेलं नाही.

आणि ही दुसरी जागा छोटी नाही. दीड हजार एकरांच्या वर आहे, म्हणजे सहाशे हेक्टर धरा. सांताक्रूझचा आजचा पूर्ण विमानतळ साधारण साडेसातशे हेक्टरात आहे आणि नवी मुंबईचा ११६० हेक्टरात. एवढी सलग, बऱ्यापैकी सपाट जागा मुंबई महानगरात दुसरीकडे कुठे मोकळी दिसते? म्हणूनच दर काही वर्षांनी कोणाची तरी नजर तिच्याकडे जाते.

आता नेवाळी, भाल, द्वारली, डावलपाडा या गावांतल्या जुन्या माणसांशी बोललात तर एकच गोष्ट ऐकायला मिळते. "लढाईसाठी घेतली, लढाई संपली की परत देणार होते." संरक्षण खात्याची बाजू वेगळी: जमीन रीतसर घेतलेली आहे, ती सरकारची आहे, आणि आज नौदलाच्या ताब्यात आहे. दोघंही ठाम. हे समजायला एक फरक कळायला हवा, जो आपण बोलताना पुसून टाकतो.

जमीन घेण्याच्या दोन पद्धती होत्या. एक अधिग्रहण. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याच्या नियमांखाली सरकार ताबा घ्यायचं, त्याचा मोबदला भाड्यासारखा द्यायचं, पण मालकी शेतकऱ्याचीच राहायची. गरज संपली की ताबा परत. दुसरी पद्धत भूसंपादन, १८९४ च्या कायद्याखालचं. त्यात एकदा किंमत दिली की मालकी गेली, विषय संपला. आपण दोन्हीला सरसकट "संपादन" म्हणतो आणि मग सभेत एक माणूस एका अर्थाने बोलतो, दुसरा दुसऱ्या अर्थाने.

युद्ध संपलं तरी अधिग्रहित जागा लगेच सुटल्या नाहीत. १९४७ मध्ये ते अधिकार पुढे चालू ठेवणारा कायदा झाला, आणि १९५२ मध्ये स्थावर मालमत्तेचं अधिग्रहण आणि संपादन यांचा एकत्र कायदा आला. त्यात जागा परत करण्याची तरतूद आहे. पण त्यातच अशीही तरतूद आहे की सरकारने त्या जागेवर स्वतःच्या खर्चाने बांधकाम केलेलं असेल आणि ते सरकारच्या हाती राहणं गरजेचं वाटलं, तर ती जागा कायमची संपादन करता येते. आता विचार करा, विमानतळावर सरकारच्या खर्चाचं बांधकाम कोणतं? धावपट्टीच! ज्या पट्टीसाठी शेत घेतलं तीच पट्टी ते शेत परत न देण्याचं कारण होऊ शकते. कायदा करणाऱ्यांच्या मनात नेवाळी नसणार, पण गावकऱ्याच्या बाजूने वाचलं की हे कलम टोचतं.

म्हणून माझ्या मते नेवाळीचा पहिला प्रश्न विमानाचा नाहीच, कागदाचा आहे. प्रत्येक सर्व्हे नंबरसमोर अधिग्रहणाचा आदेश आहे की संपादनाचा निवाडा, पैसे कोणाला किती दिले, ते भाडं होतं की किंमत. हे सगळं एका तक्त्यात मांडून गावात चावडीवर लावायला काही राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येत नाही.

हे मांडलं गेलं नाही म्हणून काय झालं ते आपण २२ जून २०१७ ला बघितलं. नौदलाने जागेभोवती भिंत बांधायचं काम काढलं होतं. त्याआधी वर्षानुवर्षं त्या जमिनीतला बराच भाग शेतकरी कसत होते, भात लावत होते. जून म्हणजे पेरणीचे दिवस. भिंत उभी राहणार म्हणजे यंदाचा हंगाम गेला, आणि पुढचेही गेले. नेवाळी नाक्यावर लोक रस्त्यावर आले, गाड्या जाळल्या, पोलिसांनी छऱ्यांचा मारा केला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पोलिसात गेलेली पोरंही आपलीच आहेत. पण त्या दिवशी टीव्हीवर "नेवाळीत हिंसाचार" एवढंच चाललं होतं, आणि १९४२ चा उल्लेख आलाच तर एका ओळीत.

आता विमानांकडे येतो. "एवढी जागा आहे तर विमानतळ का नाही करत" असं विचारणाऱ्याने एक गोष्ट समजून घ्यावी. धावपट्टीची क्षमता मैदानाच्या आकारावर ठरत नाही. आपल्या शहाडच्या पुलाचंच बघा. पूल रिकामा असेल तर एका मिनिटात पार. कोंडी कशाने होते? दोन्ही टोकांना काय आहे त्याने. धावपट्टीचंही तसंच. विमानांना पट्टीपर्यंत येणारी हवेतली वाट किती मोकळी आहे आणि उतरल्यावर पट्टी किती लवकर रिकामी होते, यावर आकडा ठरतो.

सांताक्रूझचं उदाहरण घ्या. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असलं की दुसरीवर सोडता येत नाही. म्हणजे प्रत्यक्षात एकाच पट्टीचं काम. जुन्या काळी विमानं हलकी असायची, बाजूचा वारा त्यांना सोसत नसे, म्हणून वेगवेगळ्या दिशांना पट्ट्या काढायची पद्धत होती. ब्रिटनमधल्या बॉम्बर तळांचं १९४२ नंतरचं ठरलेलं मापच असं होतं: एक मुख्य पट्टी २००० यार्डांची आणि दोन १४०० यार्डांच्या, तिन्ही तिरक्या. तासाला किती विमानं हा प्रश्न त्यांच्यापुढे आजच्यासारखा नव्हताच, वारा कुठूनही आला तरी विमान उतरलं पाहिजे एवढंच होतं. अशा छेदणाऱ्या दोन पट्ट्यांवर मुंबईने तासाला ४६ विमानांची ये-जा करून दाखवली. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर विमानं हाताळली. हिशेब करा, ४६ म्हणजे दर ७८ सेकंदाला एक. जगात असं काम करणारे फार थोडे विमानतळ आहेत. पण त्याला शेवटी मर्यादा आलीच. विमानं आकाशात घिरट्या घालत राहायला लागली, तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या तासांचा आकडा ४६ वरून ४४ वर आणला आणि खासगी छोट्या विमानांना गर्दीच्या वेळी बंदी वाढवली.

छोट्या विमानांना का? यात गंमत आहे. मोठं विमान जाताना मागे हवेचे भोवरे सोडतं. त्याच्या मागून हलकं विमान येणार असेल तर सहा सागरी मैलांचं अंतर ठेवावं लागतं. हलकं विमान ताशी ९० नॉटने येत असेल तर ते अंतर कापायला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत ७८ सेकंदांच्या हिशेबाने तीन जेट विमानांचं काम झालं असतं. चारसहा माणसांच्या एका विमानाने पाचशे माणसांची जागा अडवली. म्हणून मोठ्या शहरांजवळ छोट्या विमानांसाठी वेगळी पट्टी असावी लागते. अमेरिकेत तर लहान-लहान गावांच्या नगरपालिका असे विमानतळ चालवतात, आणि वीस वर्षांत किती विमानं येतील, टॅक्सीवे कधी लागेल, हँगर किती, याचा आराखडा लोकांसमोर मांडतात. आपल्याकडे नगरपालिकेला नालेसफाईचा आराखडा मांडताना घाम फुटतो, ते सोडा.

मुंबईत ही छोटी पट्टी म्हणजे जुहू. आणि जुहूचा इतिहास नेवाळीवाल्यांनी जरूर वाचावा असा आहे. १९२८ मध्ये सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. पण पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, भरती आली की पाणी आत यायचं, म्हणून टाटांचं विमान पावसाळ्यात पुण्याला न्यावं लागायचं. म्हणजे पट्टीची क्षमता वर्षातले चार महिने शून्य. युद्धानंतर १९४८ मध्ये नागरी वाहतूक सांताक्रूझला गेली आणि जुहू मागे पडलं. तीन-चार किलोमीटरवर दोन विमानतळ, पट्ट्या जवळपास त्याच दिशेच्या. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. बारीकशा पट्टीवर कसंबसं थांबलं, आणि तिथून परत उडवायला नऊ दिवस गेले. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. ते पट्टी ओलांडून पुढे गेलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. आज जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टर चालतात, समुद्रातल्या तेल विहिरींवर जाणारी वगैरे. जमीन आहे, पट्टी आहे, पण शेजारी सांताक्रूझ असल्यामुळे वरचं आकाश जुहूचं नाही.

आता नकाशा काढा आणि नेवाळीभोवती बघा. सांताक्रूझ सरळ रेषेत तीस-एक किलोमीटर. नवी मुंबईचा नवा विमानतळ वीस-बावीस किलोमीटर. रात्री गच्चीवर गेलात तर पूर्वेकडून सांताक्रूझला उतरणारी विमानं दक्षिणेच्या आकाशात दिव्यांच्या रांगेसारखी येताना दिसतात. नवी मुंबईची दुसरी धावपट्टी झाली की त्या आकाशात अजून एक रांग वाढेल. तिथल्या दोन्ही पट्ट्या ३७०० मीटरच्या आणि एकमेकींपासून १५५० मीटर लांब आखल्या आहेत, मुद्दाम, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता यावीत. सांताक्रूझने शिकवलेला धडा तिथे वापरला. पण एवढ्या सगळ्या विमानांच्या मधून नेवाळीला स्वतःची वाट कोण काढून देणार? जमिनीवर गाव आडवं येतं तसं आकाशात विमानतळ आडवा येतो.

दुसरं, डोंगर. आपल्याला मलंगगड लहानपणापासून दिसतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. वैमानिकाला विचारा. मलंगगड, तावली, चंदेरी, पुढे नाखिंड, पेब करत थेट माथेरानपर्यंत ही भिंत उभी आहे. विमानतळाभोवती किती उंचीचं काय चालतं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मोठ्या पट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटरच्या वर काही नको. त्यापुढे दोन किलोमीटर वीसास एक या चढाने मर्यादा वाढते. पट्टीच्या टोकासमोर तर पंधरा किलोमीटरपर्यंत हिशेब जातो, आणि सुरुवातीला पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची एवढीच सूट. डोंगर असला म्हणजे विमानतळ होतच नाही असं नाही. पण मग विमान एकाच बाजूने उतरवायचं, ढग खाली आले की बंद, रात्री बंद, असे निर्बंध येतात, आणि प्रत्येक निर्बंधाने दिवसाचा आकडा खाली येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मलंगगड ढगात असतो हे काय मी सांगायला पाहिजे?

डोंगर निदान तिथेच राहतो. इमारती वाढतात. सोलापूरकरांना विचारा. होटगी रस्त्यावरचा त्यांचा विमानतळ तयार होता, पण सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी वाटेत होती. वर्षानुवर्षं आंदोलनं, कोर्ट, एका बाजूला ऊस उत्पादक, दुसऱ्या बाजूला विमान मागणारे शहरवाले. अखेर १५ जून २०२३ ला चिमणी स्फोटाने पाडली. विमान सुरू व्हायला त्यानंतरही दोन वर्षं गेली, जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. एका चिमणीची ही कथा. आपल्याकडे कल्याण-शिळ रस्त्याला, काटई-बदलापूर रस्त्याला, अंबरनाथला गेल्या पंधरा वर्षांत किती मजली किती इमारती उभ्या राहिल्या ते मोजा. इकडे शहाडला कारखान्याच्या चिमण्या आहेतच. आणि ज्यांच्या माहितीपत्रकावर "विमानतळ १५ मिनिटांवर" लिहिलंय त्यांना हे सांगायला हवं की विमानतळ खरंच झाला तर त्यांच्याच वरच्या मजल्यांची परवानगी आधी तपासली जाईल!

मग छोटा का होईना, करता येणार नाही का? हा प्रश्न योग्य आहे. ७० आसनी एटीआरला साधारण चौदाशे मीटर पुरतात. एअरबस ए-३२० ला दोन ते अडीच किलोमीटर हवेत. कोल्हापूरची पट्टी १३७० मीटरची होती तोपर्यंत तिथे एटीआरच यायचं, पुढे शेजारची जमीन घेऊन ती वाढवली. शिर्डीला २५०० मीटरची पट्टी २०१७ मध्ये सुरू झाली, पण रात्रीची विमानं यायला २०२५ उजाडलं. पट्टीची लांबी म्हणजे नुसतं प्रवेशपत्र. क्षमता पुढच्या गोष्टींवर. समांतर टॅक्सीवे नसेल तर उतरलेलं विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळून पट्टीवरूनच परत येतं. प्रत्येक ये-जेला पट्टी पाच मिनिटं अडकली तर तासाला बारा, त्यातही हवामान चांगलं असेल तर. नेवाळीत फार फार तर छोट्या विमानांचा, प्रशिक्षणाचा, हेलिकॉप्टरचा तळ शक्य वाटतो. त्याला दीड हजार एकर लागत नाहीत. आणि कल्याणच्या माणसाला त्यातून दिल्लीचं तिकीट मिळणार नाही. तो नवी मुंबईलाच जाणार, आणि त्याला खरं तर तिथपर्यंत धड रस्ता आणि रेल्वे हवी आहे.

नेवाळीचं नाव दिल्लीपर्यंत गंभीरपणे गेलं ते २०१० मध्ये. तेव्हा नवी मुंबईच्या जागेला पर्यावरण मंत्रालय अडून बसलं होतं. खारफुटी, गाढी आणि उलवे नद्यांचे प्रवाह वळवणं, टेकडी कापणं. जयराम रमेश मंत्री होते. पर्याय म्हणून कल्याणचं नाव घेतलं गेलं. पेपरांनी ठळक बातम्या दिल्या, इकडे जमिनीचे भाव हलले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला नवी मुंबईला पर्यावरण मंजुरी मिळाली आणि कल्याणचं नाव मागे पडलं. माझा अंदाज असा की तेव्हा नेवाळीचा उपयोग घासाघीस करायला झाला, विमानतळ करायला नाही. आता तर तिसऱ्या विमानतळाची चर्चा पालघरला वाढवण बंदराकडे गेली आहे.

पण प्रत्येक वेळी नाव निघालं की गावात काय होतं बघा. "विमानतळ येतोय" म्हटलं की जमीन परत मिळण्याचा विषय बाजूला पडतो, कारण मग ती "प्रकल्पाची" जागा. विमानतळ बारगळला की ती पुन्हा "संरक्षणाची" जागा. शेतकऱ्याची कधीच नाही. याच्या तुलनेत नवी मुंबईकडे बघा. तिथेही लोकांनी सुखासुखी काही मिळवलं नाही. १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, दि. बा. पाटलांनी आयुष्य घातलं, तेव्हा साडेबारा टक्क्यांचं तत्त्व मान्य झालं. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली तेव्हा त्यांना साडेबावीस टक्के विकसित जमीन द्यायचं ठरलं. अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील, पण हिशेबाला एक आकडा आहे, त्यावर भांडता येतं. नेवाळीच्या शेतकऱ्याकडे भांडायला आकडाच नाही. पनवेलच्या खाडीकाठी आगरी शेतकऱ्याला जे मिळालं त्यातलं काहीच मलंगच्या पायथ्याच्या आगरी शेतकऱ्याला नाही, कारण एकाची जमीन सिडकोने घेतली आणि दुसऱ्याच्या आजोबांची लढाईने.

त्यात आपली हद्दींची भानगड. भाल, द्वारली, वसार ही गावं सत्तावीस गावांतली, म्हणजे महापालिकेच्या भांडणातली. नेवाळी अंबरनाथ तालुक्यात. वर एमएमआरडीए, त्याच्या वर संरक्षण मंत्रालय. कोणाच्याही दारात गेलात तर दुसऱ्याचं दार दाखवतात. इमारतीला परवानगी मात्र सगळीकडे मिळते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी स्टेजवरून "कल्याणला विमानतळ आणणारच" म्हटलं तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा: पट्टीची दिशा कोणती, लांबी किती, मलंगगडाच्या बाजूने विमान उतरणार की नाही, आकाशातली वाट सांताक्रूझने सोडली का, तासाला किती विमानं, आणि जमिनीचा कागद अधिग्रहणाचा की संपादनाचा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं तरी मला पुरे. विमानतळ होवो न होवो, ते उत्तर द्यायला कोणाला धावपट्टी लागत नाही.

एक विनंती. नेवाळी, भाल, द्वारली, डावलपाडा किंवा आसपासच्या गावांतल्या कोणाच्या घरी १९४२ ते १९५० च्या काळातल्या नोटिसा, भाड्याच्या पावत्या, मोबदल्याचे कागद, जुने फेरफार असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. बरेच कागद पत्र्याच्या पेटीत आहेत आणि यंदाचा पाऊस जवळ आलाय. मोडी कोणाला वाचता येत नसेल तर कळवा, वाचणारी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. कागद इथे कमेंटमध्ये टाकू नका, त्यावर नावं आणि गट नंबर असतात. मला मेसेज करा.